परिशिष्ट क

खेवना वकील म्हणाली, मावशी, याचिका दिल्लीला जातेय,
मकरपुऱ्याच्या दोन मुलांची.
तुमचाही कागद जोडू.
आधीपासून अशी माणसं होती
एवढं दिसलं तरी पुष्कळ.

साड्यांखालून पिशवी काढली.
दहा रुपयांचा स्टँपपेपर, साल एकोणनव्वद,
घडीवर चिरलेला.
मैत्रीकरार.

न्यायमंदिराबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या
चंपकलाल टायपिस्टनं विचारलं होतं, भाईनुं नाम?
तेव्हा असे करार बायकोवाले पुरुष करत,
दुसरीला घरात ठेवायला.
भाई नथी, रसीला म्हणाली, बे बेन छे.
त्यानं चष्मा वर केला, खाली केला,
चालशे, म्हणाला,
आणि चार रुपये जास्त घेतले.
लग्नाचं जेवण म्हणजे सेव-उसळ,
फुटपाथवर उभ्यानं, तरी दोनदा मागून.

मी प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत बिलं तपासत असे.
वर्षाला पास मिळे : स्वतः, पती किंवा पत्नी,
मुलं, विधवा आई.
एकदा लिहून पाहिलं, आश्रित बहीण.
बडेबाबू म्हणाले, दिघेबाई,
तुमची बहीण पंचाल कशी?
म्हणून रसीला तिकीट काढून यायची.
हरिद्वारला जाताना मी एस-दोनमध्ये, ती एस-नऊमध्ये.
रतलामला रात्री गाडी थांबली की मी उतरून धावायची
सात डबे ओलांडून,
आणि खिडकीच्या गजातून विचारायची,
झोपलीस का.
ती झोपलेली नसायची.

पुढं बढती झाली, पास वातानुकूलित डब्याचा झाला.
इस्त्रीच्या चादरीवर एक रात्र काढली.
त्यानंतर पास कपाटात
आणि मी तिकिटाच्या रांगेत,
दोन द्या, शेजारशेजारचे,
एक खालचा, एक मधला.
माझी याचिका एवढीच.
कुणी नोंदवून घेतली नाही.

निकालाच्या दिवशी फोन तेलाच्या बरणीला टेकवून ठेवला.
चित्र अडकायचं, आवाज पुढं निघून जायचा.
रसीलाच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही,
इंग्रजी उजव्यालाही कळत नाही.
शूं कह्युं? शूं कह्युं?
मी सांगत होते :
म्हणतात, एकत्र राहा, हरकत नाही.
म्हणतात, कुणी त्रास देऊ नये.
म्हणतात, याला लग्न म्हणायचं की नाही
ते ठरवणं आमच्याकडे येत नाही.
रसीला म्हणाली, तो कोनी पासे?

मला हसूच आलं.
तीस वर्षं मी हाच शेरा मारत आले,
लाल शाईत, तिरपा :
योग्य त्या कचेरीकडे पाठवावे.
ती कचेरी कुठं आहे
मला कधीच माहीत नव्हतं.
शेरा मारला की टेबल रिकामं व्हायचं,
मी डबा उघडायची.
त्या कागदांमागं कोण कोण उभं होतं
हे आज, तेलाच्या बरणीसमोर बसून, मोजत राहिले.

संध्याकाळी खेवना आली, डोळे सुजलेले.
सोबत ती दोघं मुलं.
एक बोलतच नव्हता, पंख्याकडे बघत बसला.
दुसऱ्यानं आमच्या कागदाची झेरॉक्स हातात घेतली,
कोपऱ्यात निळा शिक्का, परिशिष्ट क,
आणि उगाच मोठ्यानं वाचायला लागला :
कलम सहा. दोन्ही पक्षांपैकी कोणीही
एक महिन्याची नोटीस देऊन
हा करार रद्द करू शकेल.
थांबला. आमच्याकडे बघितलं.

चौतीस वर्षांत ते कलम
आम्ही कधी वाचलंच नव्हतं.

रसीला खिचडीचं झाकण काढत होती.
नोटीस, ती म्हणाली, पाठवायची कुठल्या पत्त्यावर?
पत्ता तर एकच आहे.
मग पंख्याखालच्या मुलाला विचारलं,
तूप वाढू का,
आणि त्यानं हो म्हणायच्या आत वाढलं.